विश्लेषण : नेवाशाची हाडे, बर्लिनच्या कवट्या आणि इरावती कर्वे… वंशश्रेष्ठत्वाच्या दाव्याला मराठी संशोधिकेने कसे तोंड दिले?

हिटलर सत्तेवर येण्याच्या काही वर्षे आधी बर्लिनमधील एका नामांकित संस्थेत पुण्याची एक तरुणी मानवी कवट्या मोजत होती. गोरा माणूस इतरांहून श्रेष्ठ असल्याची खूण या कवट्यांत सापडेल, अशी तिच्या मार्गदर्शकाची अपेक्षा होती. ती खूण तिला सापडली नाही, आणि तिने आपल्या प्रबंधात तसे लिहून टाकले. ही तरुणी म्हणजे पुढे ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे. त्यांच्या आयुष्यातील हा टप्पा काय होता? त्यामागे कोणती मैत्री होती? आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशाशी या कथेचा धागा कुठे जुळतो?

नेवाशाचा संबंध काय?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे म्हटले की ज्ञानेश्वरी आणि पैसचा खांब आठवतो. पण प्रवरेच्या काठी असलेल्या या गावाची ओळख पुरातत्त्वाच्या जगात आणखी एका कारणाने आहे. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली येथे मोठे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष त्यात मिळाले. घराच्या जमिनीखाली मातीच्या रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती.

या उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर सांकलिया, शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांच्याबरोबर चौथे नाव आहे सोफी एअरहार्ट या जर्मन मानवशास्त्रज्ञ महिलेचे. मानवी सांगाड्यांचा अभ्यास हे त्यांचे क्षेत्र. या एअरहार्टबाईंनी नाझी राजवटीत डॉ. रॉबर्ट रिटर यांच्या वंशशुद्धी संशोधन केंद्रात काम केले होते. जर्मनीतील रोमा आणि सिंती, म्हणजे ज्यांना ‘जिप्सी’ म्हटले जाई, त्या लोकांची डोकी, चेहरे आणि वंशावळी या केंद्राने नोंदवल्या. त्या नोंदींच्या आधारे माणसांवर शिक्के बसले, आणि शिक्के बसलेल्यांची रवानगी छळछावण्यांत झाली. युरोपात काही लाख रोमा मारले गेले. रोमांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून गेलेले, हे आणखी एक विशेष. युद्धानंतर एअरहार्टबाई ट्युबिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या.

ज्या डेक्कन कॉलेजने नेवासे उकरले, तेथेच समाजशास्त्र आणि मानवशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या इरावती कर्वे. त्यांचे शिक्षणही बर्लिनमध्ये, त्याच विचारपरंपरेच्या सर्वांत मोठ्या गुरूकडे झाले होते. शास्त्र एकच होते, मोजण्याची साधनेही तीच होती. मात्र त्यातून दोघींनी धरलेल्या वाटा फार वेगळ्या निघाल्या.

‘ज्युलिया’ चित्रपटाची आठवण का येते?

दोन मैत्रिणी आणि फॅसिझमचा विरोध या विषयावरचा जगभर गाजलेला चित्रपट म्हणजे फ्रेड झिनेमान यांचा १९७७ सालचा ‘ज्युलिया’. जेन फोंडा आणि व्हनेसा रेडग्रेव्ह यांच्या त्यात भूमिका होत्या. लहानपणापासूनच्या दोन मैत्रिणींपैकी एक लेखिका होते, दुसरी शिकायला व्हिएन्नाला जाते आणि नाझींविरोधी भूमिगत कामात ओढली जाते. लेखिका मैत्रिणीसाठी टोपीत पैसे लपवून रेल्वेने बर्लिनला नेते, हा त्यातला सर्वांत ताणाचा भाग. चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाले.

हा चित्रपट लिलियन हेलमन यांच्या आठवणींवर आधारलेला होता. पुढे त्या आठवणींच्या खरेपणावर वाद झाला. व्हिएन्नात खरोखर असे काम केलेल्या म्युरिएल गार्डिनर यांनी १९८३ मध्ये आपले पुस्तक लिहिले, तेव्हा ‘ज्युलिया’ ही त्यांच्याच आयुष्यावरून घेतलेली असावी, असे अनेकांना वाटले. हेलमन यांनी ते नाकारले.

मराठीतही अशा दोन मैत्रिणी होऊन गेल्या. इथे बंदुका आणि बनावट पासपोर्ट नव्हते. पण बालमैत्रीण आहे, बर्लिन आहे, पुढे नाझींच्या उपयोगी पडलेला प्राध्यापक आहे, आणि शेवटी एक गाजलेला चित्रपटही आहे. आणि यातले सारे नोंदींत सापडते.

इरावती कोण? आणि त्यांची मैत्रीण कोण?

इरावतींचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, आजच्या म्यानमारमध्ये झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. ब्रह्मदेशातील मोठी नदी इरावती. तिच्यावरूनच मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागा शाळेत पाठवण्यात आले. आईवडील समुद्रापलीकडे, आणि मुलगी वसतिगृहात.

तेथे तिची गाठ पडली शकुंतला परांजपे या तिच्याच वयाच्या मुलीशी. शकुंतला ही रँग्लर र. पु. परांजपे यांची मुलगी. रँग्लर त्या वेळी फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. मुलीची ही मैत्रीण शकुंतलेच्या आईला इतकी आवडली, की त्यांनी तिला आपल्या घरीच ठेवून घेतले. करमरकरांची इरावती परांजप्यांची दुसरी मुलगी झाली.

त्या घराचे वातावरण त्या काळाच्या मानाने फारच निराळे होते. रँग्लर केंब्रिजला गणितात सर्वप्रथम आलेले, पक्के बुद्धिवादी आणि उघड नास्तिक. घरात पुस्तकांचा ढीग आणि जेवणाच्या पाटावरही वादविवाद. मोठ्यांनी सांगितले म्हणून खरे, असा तिथे नियम नव्हता; पुरावा काय, हे विचारायची मुलींनाही मोकळीक होती. दोन्ही मुलींची पुढची आयुष्ये पाहिली, तर ही सवय त्यांनी कधी सोडली नाही असे दिसते.

बर्लिनला जाणे कसे ठरले?

इरावती १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकल्या आणि १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंधासह एम.ए. झाल्या. दरम्यान त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. एखाद्या संस्थानिकाच्या घराण्यात मुलगी द्यावी असे वडिलांच्या मनात होते, त्यामुळे त्यांना हा विवाह पसंत नव्हता. दिनकर हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे अभ्यासक; पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

दिनकररावांनी स्वतः जर्मनीत डॉक्टरेट केली होती. पत्नीनेही तेथे जावे असा त्यांचा आग्रह होता. गंमत अशी, की विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांसाठी आयुष्य वाहिलेल्या महर्षींचाच सुनेच्या परदेशगमनाला विरोध होता. तरी दिनकरराव मागे हटले नाहीत. काँग्रेसचे नेते डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ मध्ये इरावती जर्मनीला रवाना झाल्या. त्यांचे वय तेव्हा २३ च्या आसपास.

त्या वर्षी झालेल्या जर्मन संसदेच्या निवडणुकीत नाझी पक्षाला अवघ्या १२ जागा होत्या. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत त्या १०७ झाल्या. इरावतींच्या बर्लिनमधील वास्तव्याचा काळ हा असा, वारे फिरण्याचा होता.

मार्गदर्शक ऑयगेन फिशर कोण होते?

बर्लिनच्या डालेम भागात १९२७ मध्ये कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र संस्था सुरू झाली. ऑयगेन फिशर हे तिचे पहिले संचालक. नैऋत्य आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, जाऊन त्यांनी युरोपीय पुरुष आणि आफ्रिकी स्त्रियांच्या संततीचा अभ्यास केला होता. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९१३ मध्ये आले. याच वसाहतीत जर्मन सैन्याने १९०४ ते १९०८ दरम्यान हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला होता. वंशांच्या मिश्रणामुळे उच्च वंशाची हानी होते, असा फिशर यांच्या मांडणीचा रोख होता. त्यांनी इतर दोघांबरोबर लिहिलेला आनुवंशिकतेवरील ग्रंथ जर्मनीत पाठ्यपुस्तक म्हणून वापरला जाई.

आज हे सारे वाचताना फिशर हे कुणी विक्षिप्त गृहस्थ होते असे वाटेल. तेव्हा तसे नव्हते. ते युरोपातील नामवंत शास्त्रज्ञ होते, आणि त्यांची संस्था ही त्या विषयातली पंढरी मानली जाई. सुप्रजननाचे विचार अमेरिका, ब्रिटन आणि भारतातील सुशिक्षितांमध्येही पसरलेले होते. म्हणूनच अशा संस्थेत, अशा गुरूसमोर, कर्ज काढून आलेल्या परक्या देशातील विद्यार्थिनीने काय केले, याला महत्त्व आहे.

कवट्यांचा प्रश्न नेमका काय होता?

माणसाची कवटी डावी-उजवीकडे तंतोतंत सारखी नसते. थोडाफार फरक प्रत्येकात असतो. आरशात नीट पाहिले तर चेहऱ्यातही तो दिसतो. हा फरक वंशावर अवलंबून असतो का, हा इरावतींच्या प्रबंधाचा विषय होता.

प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. त्यामागचे गृहीतक मात्र तसे नव्हते. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीत ही असमानता अधिक असते, कारण त्यांच्या मेंदूचा विचार करणारा भाग जास्त विकसित असतो, आणि म्हणून ते अधिक तर्कशुद्ध व बुद्धिमान असतात, अशी ही साखळी होती. शेवटच्या कडीला जगावर राज्य करण्याचा हक्क टांगलेला होता. कवटीने साक्ष दिली, की साम्राज्याला शास्त्राचा शिक्का मिळणार.

तुलनेसाठी वापरायच्या कवट्यांमध्ये जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. त्या कुणाच्या होत्या, कशा मेल्या, त्यांच्या घरच्यांनी त्या दिल्या का, हे प्रश्न त्या काळी संग्रहालयात कुणी विचारत नसे. जर्मनीतील अनेक संस्था आता अशा अवशेषांचा शोध घेत आहेत आणि काही अवशेष मूळ देशांना परत गेले आहेत.

पद्धत सोपी पण किचकट होती. कवटीवर ठरावीक बिंदू घ्यायचे. मध्यरेषेपासून डावीकडचे आणि उजवीकडचे अंतर कॅलिपरने मोजायचे. हे प्रत्येक कवटीवर अनेक ठिकाणी करायचे, आकडे गटांनुसार मांडायचे आणि फरक खरा आहे की योगायोगाचा, हे तपासायचे.

निष्कर्ष काय निघाला? त्याची किंमत काय?

असमानता सगळ्याच गटांत आढळली. युरोपीय कवट्यांत ती वेगळी, अधिक किंवा खास प्रकारची आहे, असे आकड्यांतून निघाले नाही. वंश आणि कवटीची असमानता यांचा संबंध दिसत नाही, असा इरावतींचा निष्कर्ष होता. प्रबंधाच्या नावातच ही असमानता माणसात स्वाभाविक असल्याचे सूचित होते. तो १९३१ मध्ये जर्मनीत छापला गेला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आकडे बदलण्याची गरज नव्हती. नुसते शब्द फिरवले तरी भागले असते. काही कवट्यांत तसा कल दिसतो, अधिक अभ्यासाची गरज आहे, असे एक गुळमुळीत वाक्य लिहून गुरूला खूश ठेवता आले असते. पदवी, शिफारस, पुढची संधी, सगळे त्यांच्याच हातात होते. घरी सासऱ्यांचा विरोध पत्करून आणि कर्ज डोक्यावर घेऊन त्या आल्या होत्या. रिकाम्या हाताने परतणे परवडणारे नव्हते. तरीही त्यांनी जे दिसले तेच लिहिले. फिशर यांनी पदवी अडवली नाही, मात्र श्रेणी कमी दिली. १९३० मध्ये इरावती डॉक्टर होऊन पुण्याला परतल्या.

पुढे जर्मनीत काय झाले?

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जुलै १९३३ मध्ये आनुवंशिक आजार असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला, १९३५ मध्ये ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे न्युरेंबर्ग कायदे आले. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधील मिश्रवंशीय मुलांची गुपचूप नसबंदी करण्यात आली. माणसांची वंशानुसार छाननी करणारे दाखले आणि तज्ज्ञमते देण्याचे काम फिशर यांच्या संस्थेतील मंडळी करत होती. १९४२ मध्ये त्यांच्या जागी ओटमार फॉन फेरशुअर आले. फेरशुअर यांचा शिष्य योझेफ मेंगेले आउश्वित्झच्या छावणीतून याच संस्थेकडे मानवी अवयवांचे नमुने पाठवत असे.

फिशर यांना युद्धानंतर शिक्षा झाली नाही. १९६७ मध्ये ते वृद्धापकाळाने वारले.

या साखळीत सुरुवातीच्या कडीला साध्या वाटणाऱ्या नोंदी होत्या : नाकाची रुंदी, डोक्याची लांबी, केसांचा रंग. त्या नोंदी घेणारी माणसे बहुधा सभ्य, सुशिक्षित आणि कामात चोख होती. इरावतींनी त्या साखळीत आपल्या हाताने कडी घातली नाही. १९३० मध्ये पुढचे कुणालाच दिसत नव्हते, म्हणूनच त्या वेळचा नकार मोलाचा ठरतो.

मैत्रीण शकुंतला तेव्हा काय करत होती? ‘कुंकू’शी तिचा संबंध काय?

इरावती बर्लिनमध्ये असताना शकुंतला इंग्लंडमध्ये होत्या. त्यांनी १९२९ मध्ये केंब्रिजची गणिताची परीक्षा पूर्ण केली. त्यानंतर जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरी केली. युरा स्लेप्टझोफ या रशियन चित्रकाराशी त्यांचे लग्न झाले. ते टिकले नाही. मुलीला घेऊन त्या वडिलांकडे परतल्या आणि एकटीने तिला वाढवले. ती मुलगी म्हणजे ‘स्पर्श’ आणि ‘चष्मेबद्दूर’च्या दिग्दर्शिका सई परांजपे.

मराठी प्रेक्षकांना शकुंतलाबाई ठाऊक आहेत त्या ‘कुंकू’मुळे. १९३७ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली हा चित्रपट काढला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो बेतला होता. हिंदीत तो ‘दुनिया न माने’ नावाने आला. नीरा या तरुण मुलीला फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावून दिले जाते. ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांनी नीरा केली होती, तर केशवराव दाते म्हातारे काकासाहेब झाले होते. काकासाहेबांच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीची भूमिका शकुंतलाबाईंची. सगळे घर नीरेच्या विरोधात असताना ही वयाने मोठी असलेली सावत्र मुलगी तिच्या बाजूने उभी राहते. तिला नीरेचा नकार समजतो, आणि ती वडिलांनाही तो ऐकवते. भारतीय पडद्यावर दोन स्त्रियांनी एकमेकींना अशी साथ दिलेली त्या काळी क्वचितच दिसत असे.

पडद्याबाहेरही त्यांनी हेच केले. इरावतींचे मोठे दीर रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून त्यांना नोकरी गमवावी लागली, अश्लीलतेचे खटले झेलावे लागले. शकुंतलाबाईंनी १९३८ पासून पुण्यात संततिनियमनाचे काम हाती घेतले. पुढे त्या मुंबई राज्याच्या विधान परिषदेत आणि १९६४ ते १९७० राज्यसभेत होत्या. त्यांना १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले.

अशा रीतीने हुजूरपागेतील दोन मुलींच्या मैत्रीत परांजपे आणि कर्वे ही दोन नातलग घराणी आणखी घट्ट विणली गेली. रँग्लर हे महर्षी कर्व्यांचे मामेभाऊ. एका घरातील मुलगी दुसऱ्या घरची सून झाली, आणि पहिल्या घरची मुलगी दुसऱ्या घरच्या दिरांच्या कामाची वारस.

तोच कॅलिपर महाराष्ट्रात आणल्यावर काय झाले?

परतल्यावर इरावती १९३१ ते १९३६ या काळात महर्षींनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा सांकलियांबरोबर त्याही तेथे रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत राहिल्या. १९४४ मध्ये गुजरातमधील लांघणज येथे सांकलियांबरोबर केलेल्या कामात अश्मयुगीन मानवी सांगाडे हाती आले. दिल्लीत १९४७ मध्ये त्यांनी भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद भूषवले.

या काळात त्या महाराष्ट्रभर हिंडल्या. एसटीने, बैलगाडीने, पायी. वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांची त्यांनी मोजमापे घेतली. वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातील मानवमितीवर १९५१ मध्ये ग्रंथ लिहिला.

त्यातून निघालेले उत्तर अनेकांना न रुचणारे होते. एकाच नावाने ओळखली जाणारी जात ही एकाच रक्ताची असते, हा समज त्यांना टिकणारा वाटला नाही. कुंभार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजात थोरचाके, लहानचाके असे गट आहेत. त्यांचे चाक वेगळे, पद्धती वेगळ्या आणि बेटीव्यवहार नाही. ब्राह्मणांतही चित्पावन, देशस्थ, कऱ्हाडे हे एकाच मुळाचे फाटे मानावेत असे त्यांना दिसले नाही. मूळ एक जात फुटून पोटजाती झाल्या, असे त्यांचे गुरू घुर्ये मानत. इरावतींनी उलट मांडले : निरनिराळे छोटे समूह एकाच धंद्यामुळे किंवा दर्जामुळे एका नावाखाली गोळा झाले. त्या अशा नावाला जातींचा पुंजका म्हणत. १९६१ च्या हिंदू समाजावरील पुस्तकात त्यांनी हे सविस्तर लिहिले.

१९५३ मध्ये आलेल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात त्यांनी मामाच्या मुलीशी लग्न चालते की नाही, अशा साध्या प्रश्नातून भारताचा नकाशा मांडला. उत्तरेत हे लग्न निषिद्ध, दक्षिणेत इष्ट, आणि महाराष्ट्र या दोन प्रथांच्या सांध्यावर. वारीवरच्या लेखात त्यांनी पालखीबरोबर चालताना अनुभवलेला आनंद सांगितला, आणि एकाच विठ्ठलाचे नाव घेणारे वारकरी जेवायला जातीनुसार वेगळे बसतात ही बोचही सांगितली.

मग इरावती सर्वार्थाने काळाच्या पुढे होत्या का?

असे म्हणणे अन्यायाचे होईल. बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठत्वाचा दावा त्यांनी मान्य केला नाही, तरी माणसांचे गट मोजमापांनी ओळखता येतात ही चौकट त्यांनी लगेच टाकून दिली नाही. भारतात परतल्यावर कित्येक वर्षे त्या डोकी आणि नाके मोजत राहिल्या. जात, वंश, आनुवंशिकता ही भाषा त्यांच्या लेखनात येत राहते. अलीकडच्या अभ्यासकांनी या दुहेरीपणावर बोट ठेवले आहे. गावात आलेल्या शहरी, उच्चवर्णीय बाईसमोर डोके पुढे करताना मोजून घेणाऱ्यांना खरेच नाही म्हणता येत होते का, हाही प्रश्न आहे.

त्या राजकीय कार्यकर्त्या नव्हत्या. नाझीवादावर त्यांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांचा विरोध कामातला होता. मोजमाप त्यांनी सोडले नाही, पण मोजमापाला आधीच ठरवलेले उत्तर द्यायला लावले नाही. पुढे त्यांचा रस हाडांकडून माणसांकडे सरकला. नाती, भाषा, बाजारगावे आणि कोयना धरणामुळे उठलेली गावे हे त्यांचे विषय झाले. कोयनेच्या विस्थापितांची त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्याबरोबर केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. धरणग्रस्तांना मिळालेली जमीन, तुटलेली सोयरीक, विखुरलेले शेजार यांची नोंद त्यांनी केली.

त्यांचे खासगी आयुष्य कसे होते?

नवऱ्याला नावाने हाक मारणारी आणि पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, अशी त्यांची ख्याती होती. घरात जाई, आनंद आणि गौरी ही तीन मुले. गौरी म्हणजे पुढच्या पिढीच्या लेखिका गौरी देशपांडे. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजल’ या संग्रहांतील ललित लेखांनी मराठी वाचकाला विदुषी इरावतींइतक्याच संसारी इरावतीही दाखवल्या.

महाभारतातील माणसांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, ती हीच. १९६७ मध्ये आलेल्या ‘युगान्त’मध्ये भीष्म, कुंती, द्रौपदी, कर्ण यांना त्यांनी देव्हाऱ्यातून खाली घेतले आणि त्यांची बाजू पुराव्यानिशी तपासली. १९६८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतींचे निधन झाले, वयाच्या ६४ व्या वर्षी. शकुंतलाबाई त्यानंतर तीस वर्षे जगल्या.

आज ही गोष्ट का सांगायची?

कवट्यांची जागा आता डीएनएने घेतली आहे. आपल्या समाजाचे रक्त शुद्ध, अमुक लोक बाहेरचे, तमुक जात मुळातच हुशार, असे संदेश शास्त्राचा आव आणून मोबाइलवर फिरतात. त्यासोबत बहुधा एखादा आलेख आणि परदेशी विद्यापीठाचे नाव असते. इरावतींसमोर आलेल्या दाव्यामागेही आलेख होते, आणि त्याहून मोठ्या संस्थेचे नाव होते. त्यांनी तो दावा मोजून पाहिला, आणि आकडे सांगत नव्हते ते लिहिले नाही.

नेवाशाच्या रांजणातील मुलांना आपला वंश कोणता, हे ठाऊक नव्हते. त्यांना पुरणाऱ्यांनी त्यांच्याजवळ भांडी ठेवली, एकाच्या गळ्यात माळ घातली, आणि आपल्याच घराच्या जमिनीखाली त्यांना जवळ ठेवले. तीन हजार वर्षांनी हाडे मोजली गेली तेव्हा त्यांची लांबी-रुंदी कळली. त्यांच्यावर कुणाचा किती जीव होता, हे मात्र त्या माळेवरून कळते. मोजपट्टीच्या मर्यादा ओळखणाऱ्या इरावतींचे नाव नेवाशाच्या संदर्भात घेताना, हा फरक लक्षात ठेवावा लागतो.